घारपुरे साहेबांची शाल

दूध संघाच्या कचेरीत घारपुरे साहेबांचा भलताच तोरा. हंगामी कारकून शेवंता पाचपुते हिने सगळ्यांना ईमेल पाठवली, "उद्या नळाला पाणी नाही. आजच भरून ठेवा." झालं, साहेब उखडले.

"दोन ओळींची मेल? अहो बाई, भाषेला भारदस्तपणा लागतो! आज माझी मेल येईल, ती बघून शिका. नाहीतर कायम व्हायचं विसरा!"

मेल आली, चांगली तीन पानं. जड अंतःकरण काय, ऋणानुबंध काय, नव्या वाटचालीला आशीर्वाद काय!

दुसऱ्या दिवशी शेवंताने संघाच्या अध्यक्षांना बोलावलं, सगळी कचेरी गोळा केली आणि साहेबांच्या खांद्यावर शाल टाकून हातात नारळ ठेवला.

साहेब किंचाळले, "अहो, मी नोकरी सोडत नाहीये! माझी केबिन फक्त वरच्या मजल्यावर जातेय!"

"अगोबाई! मग एवढंच लिहायचं की, साहेब. माझ्या दोन ओळी वाचून लोकांनी पाणी भरलं. तुमची तीन पानं वाचून हसत हसत वर्गणी भरली!"

अध्यक्षांनी हसू दाबत तिथल्या तिथे शेवंताला कायम केलं. शाल मात्र साहेबांनी परत दिली नाही.