भट्टीवरचा मुखवटा

एजियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर केरामी नावाचे कुंभारांचे गाव होते. भाविकहो, त्या गावाचे भाग्य असे, की संत थेओनासबाबा त्या काळी तिथेच ऑलिव्हच्या बागेत झोपडी बांधून राहत. बाबा मोठे विद्वान, पण विद्वत्तेचा दरारा कुठे नाही. बायाबापड्या त्यांच्याशी खुशाल थट्टा करीत.

फिलिना ही गावातली विधवा कुंभारीण. तिने बाबांच्या हातून नुकताच बाप्तिस्मा घेतला होता. गावात भट्टी एकच, सगळ्यांची मिळून. भाजणीच्या दिवशी भट्टीवर मातीचा अक्राळविक्राळ मुखवटा ठेवायचा, म्हणजे मडकी फोडणारी भुते पळतात आणि अग्नीचा लंगडा देव हेफेस्टस प्रसन्न होतो, अशी तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. या खेपेस भट्टी पेटवायची पाळी फिलिनाची आली आणि तिने मुखवटा नको म्हटले. झाले! सगळे गाव तिच्यावर तुटून पडले.

सर्वांत मोठा आवाज दिओनचा. हा मातब्बर कुंभार, देवांच्या सगळ्या कथा तोंडपाठ असलेला. "फिलिने, तुझा देव सुताराच्या घरचा! त्याला भट्टीतलं काय कळतंय? माझेही रांजण तुझ्याबरोबर भाजायचे आहेत. एक जरी तडकला, तर पुन्हा या भट्टीला हात लावायचा नाहीस!"

लोकांनी माना डोलावल्या. भट्टी गेली तर फिलिनाने खायचे काय? ती धावत बाबांकडे गेली. "बाबा, हेफेस्टस खरंच रागावला तर हो?"

बाबा हसले. म्हणाले, "अगं, तो कशाला रागावतोय! जुन्या काळचा लंगडा लोहार होता बिचारा. हाताला मोठा गुण. लोकांना विस्तवाची विद्या शिकवून मेला. लोकांनी उपकार मानावेत की नाही? त्यांनी त्याला देवळातच नेऊन बसवला. आणि विस्तव ज्यानं निर्माण केला, त्याला विसरले."

"आणि भुतं?"

"ती आहेत. पण मुखवट्याला भितात असं कुणी सांगितलं? आपलंच चित्र बघून खूश होत असतील! तू प्रभूचं नाव घे आणि जाळ लाव."

दिओनला मात्र चैन पडेना. भाजणीच्या सकाळी फिलिना प्रार्थनेत असताना तो शिडी लावून भट्टीच्या घुमटावर चढला आणि नेहमीच्या दुप्पट मोठा मुखवटा गुपचूप ठेवून आला. भक्तीच्या भरात ठेवला तो नेमका धुराड्याच्या तोंडाशी.

दुपारी भट्टी रसरसली आणि मुखवटा घसरून धुराड्यात गच्च बसला. धूर उलटा फिरून खालून बाहेर येऊ लागला, जाळ विझू लागला. अर्धेकच्चे रांजण म्हणजे सगळी मेहनत मातीत! "देव कोपला!" म्हणून लोक ओरडू लागले. फिलिना त्या धुरातच गुडघे टेकून प्रभूचा धावा करू लागली. तिच्या डोळ्यांतले पाणी काही धुराचे, काही भीतीचे होते.

इतक्यात बाबा आले. त्यांनी वर पाहिले आणि काय ते ओळखले. घुमट इतका तापला होता की दहा हातांवर उभे राहवत नव्हते. बाबांनी छातीवर क्रुसाची खूण केली, सावकाश शिडी चढले आणि तो तापलेला मुखवटा उघड्या हातांनी उचलून खाली आणला! धुराडे मोकळे झाले, जाळाने उसळी घेतली.

"कुणाचा हा?" बाबांनी विचारले.

"माझा... द्या इकडे," म्हणत दिओनने ओशाळून हात लावला मात्र, "आई गं!" करून तो जागच्या जागी नाचू लागला. गाव खो खो हसले. मग कोणीतरी बाबांच्या तळव्यांकडे बोट दाखवले. तिथे साधा चटकाही नव्हता. हसू थांबले.

दोन दिवसांनी भट्टी निवली. फिलिनाने एकेक रांजण बाहेर काढला आणि वाजवून पाहिला. एकूण एक खणखणीत!

दिओनने बाबांच्या पायांवर लोळण घेतली. "बाबा, चुकलो! आजपासून तुम्हीच माझे देव!"

बाबा चटकन मागे सरले. "हे बघ, पुन्हा तेच! त्या लोहाराचंही असंच झालं असणार. ऊठ आधी. मला ज्यानं राखलं, त्याच्यापुढे वाक. आणि जिची भट्टी काढून घ्यायला निघाला होतास, तिची माफी माग."

दिओन उठला. "ताई," तो फिलिनाला म्हणाला, "पुढच्या भाजणीचा जाळ तुझ्याच हातानं लागू दे." मग तिच्या शेजारी गुडघे टेकून, भाजलेली बोटे जोडून, त्याने त्या न दिसणाऱ्या प्रभूपुढे मान लववली.