तान्हाआक्काची नखं

"...पण मग मला देव का जाणवत नाही, बाबा?"

अमोलिकबाबा चुलीपुढे उकिडवे बसून जाळ सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ओबेद काळोखे त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत पहिला आलेला. हिब्रू स्तोत्रं तोंडपाठ. येत्या रविवारी त्याला चर्चच्या पाळकपदाची दीक्षा मिळायची होती, आणि तो शहरातून मुद्दाम गुरूच्या गावी आला होता.

"मी उपदेश करतो तेव्हा लोक रडतात, बाबा. उपास धरतो. पहाटे उठून प्रार्थना करतो. शब्द सगळे येतात... तो येत नाही. रविवारी वेदीपुढे उभं राहून खोटं बोलू का?"

"पाणी कोमट झालं का बघ."

ओबेदच्या कपाळावर आठी चढली. एवढ्या लांबून आलो, आणि पाणी! तरी त्यानं बोट बुडवून पाहिलं.

"झालंय."

"मग उचल पातेलं."

बाबांनी घमेलं घेतलं, कात्री घेतली, खांद्यावर पंचा टाकला. दोघं शेजारच्या दारात आले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत शिरताच ओबेदनं नाकाला रुमाल लावला.

खाटेवर एक म्हातारी पडली होती. तान्हाआक्का. लेक सुरतेला, भावकी तोंड फिरवून बसलेली. पायाची नखं वाढून वळली होती. एक तर बोटातच रुतलं होतं.

"आला का रे शांतवन?" बाबांना नावानं हाक मारणारी ती एकटीच उरली होती.

"आलो, आक्का. आज हा पण आलाय. माझा ओबेद."

बाबांनी तिला हळूच उठवून बसवलं. पातेल्यातलं पाणी घमेल्यात ओतून पाय त्यात सोडले. मग ओबेदकडे पाहिलं.

"पाय धर. हलला तर लागेल तिला."

ओबेद कसाबसा खाली टेकला. त्यानं हात पुढे केले तशी म्हातारीनं पाय ओढून घेतले.

"नको रे लेकरा! घाण आहेत. हात खराब होतील तुझे..."

"होऊ देत," बाबाच म्हणाले. "धुता येतात."

ओबेदनं पाय धरला. वाळक्या काटकीसारखा हलका. पण आत कुठेतरी शीर उडत होती, आणि ती त्याच्या तळव्याला लागत होती.

कट्... कट्... बाबा एकेक नख कापत होते. घाई नव्हती.

मध्येच म्हातारी बोलली. ओबेदशी नाही, बाबांशीही नाही. भिंतीशी बोलावं तशी.

"शांतवनच्या आईला मी विहिरीवर चढू दिलं नव्हतं. उन्हाळा होता. हा कडेवर होता तिच्या, पाण्यासाठी रडत होता. मी नवी नवरी. म्हटलं, विहीर बाटेल..."

ओबेदनं चमकून बाबांकडे पाहिलं.

"शांतवन, तुला ठाऊक आहे का रे हे?"

"आईनं सांगितलं होतं, आक्का."

"कधी?"

"लहान होतो तेव्हा."

म्हातारीनं भिंतीवरून मान वळवली. "म्हणजे... इतके दिवस येतोस, ते हे ठाऊक असून?"

"पाय सैल सोडा, आक्का. रुतलेलं नख आलं. जरा दुखेल."

कट्.

तिच्या तोंडून एक हुंकार निघाला. दुखल्याचा की सुटल्याचा, कळलं नाही. तिनं चाचपडत हात पुढे केला आणि बाबांच्या पांढऱ्या डोक्यावर ठेवला. हात तिथेच राहिला. बाबा मान खाली घालून पंच्यानं तिची बोटं पुसत होते, एकेक बोट, बोटांमधली सांदसुद्धा.



खोली तीच होती. वासही तोच होता. पण आता तिथे मोठ्यानं श्वास घ्यायचीही ओबेदला भीती वाटू लागली. भरल्या चर्चमध्येही त्याला कधी असं वाटलं नव्हतं. रुमाल केव्हा गळून पडला ते कळलं नाही. टेकून बसलेला तो केव्हा गुडघ्यांवर आला, तेही कळलं नाही.

त्यानं बाबांकडे पाहिलं.

"बाबा... मी प्रार्थना करू?"

बाबांनी तान्हाआक्काचा दुसरा पाय उचलून अलगद त्याच्या ओंजळीत दिला.

"हळू बोल, ओबेद... प्रार्थना चाललेलीच आहे."