सांधणीने हात सोडला

एका गावात कुंभाराची एक मुलगी होती आणि तिच्या रक्तात एक रक्षक पेशी होती. पेशी डोळ्यांना दिसणारही नाही इतकी लहान. पण तिच्या आत हजारो प्रथिनं राबत आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असे.

पेशीच्या वेशीवर दरवान होता. त्याचं तोंड बाहेर, पाय आत. जंतू ओळखण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण जागा सोडून आत जाणं त्याला जमत नसे. आत शिक्केवाला होता. तो ज्याच्यावर शिक्का मारी, ते प्रथिन कामाला लागे. कोणी जंतूंवर ओतायचं विष तयार करी, कोणी मदतीसाठी बाहेर हाका धाडी. हे शिक्के पुसायचं काम पुसणीमावशीकडे होतं. शिक्का पुसला की काम थांबे, त्यामुळे मावशी कुणाला फारशी आवडत नसे.

या सगळ्यांत एक सांधणी होती. तीही प्रथिनच, पण तिला शिक्का मारता येत नव्हता की पुसता येत नव्हता. जंतू तर तिने कधी पाहिलेही नव्हते. तिला होते फक्त हात, चांगले पाच. एकाने एकाला धरायचं, दुसऱ्याने दुसऱ्याला, आणि त्यांना समोरासमोर आणायचं.

"नुसते हात धरून बसायचं, याला काय काम म्हणतात?" शिक्केवाला हसून म्हणे. सांधणीच्या मनाला ते लागायचंच.

एके दिवशी सकाळी त्या मुलीच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काट्याबरोबर जंतू आत शिरले. रक्षक पेशी तिथे पोचली. पहिला जंतू दिसताच दरवान ओरडू लागला, पण शिक्केवाला आत आपल्याच तंद्रीत फिरत होता. त्याच्यापर्यंत हाक पोचेना.

सांधणीने एका हाताने दरवानाचा पाय पकडला आणि दुसऱ्याने शिक्केवाल्याचं मनगट ओढलं.

"शिक्केदादा, इकडे या आधी! दरवान काय सांगतोय ते ऐका."

तिसऱ्या हाताने तिने विष करणाऱ्याला त्याच्या पुढ्यात आणलं, चौथ्याने हाका धाडणाऱ्याला. धडाधड शिक्के पडू लागले. दुपारपर्यंत टाच लाल होऊन सुजली, मुलीला ताप भरला आणि जंतू पटापट मरू लागले.

"सांधणे, तू नसतीस तर आज आपलं काही खरं नव्हतं," शिक्केवाला सगळ्यांदेखत म्हणाला. असं काही तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. तिने त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा दरवान म्हणाला, "बराच वेळ झाला, बाहेर एकही जंतू दिसत नाही." तरी शिक्के पडतच होते, विष वाहतच होतं. इतक्यात बाहेरून कोणीतरी ठोठावू लागलं. शेजारची कातडीची पेशी होती.

"अहो, थांबा की! आम्ही घरचेच आहोत. तुमच्या विषाने माझ्या दोन बहिणी गेल्या!"

"आणि एखादा जंतू लपून बसला असेल तर?" शिक्केवाला म्हणाला. "सांधणे, सोडू नकोस हं. तुझ्याच जिवावर चाललंय हे सगळं."

पुसणीमावशी कोपऱ्यात उभी होती. "मला आपणहून तिथवर येता येत नाही गं," ती हळूच म्हणाली. "कोणीतरी हात द्यावा लागतो."

सांधणीचा पाचवा हात मोकळा होता, पण तो पुढे होईना. मावशीला बोलावलं की कौतुक संपलं. वर एखादा जंतू खरंच राहिलेला निघाला, तर सगळा दोष तिच्याच माथी येणार.

"दरवानदादा, पुन्हा एकदा नीट बघता?"

दरवानाने वेळ घेऊन पाहिलं. "एकही नाही. आता मरतायत ते आपलेच."

सांधणीने मावशीला हात दिला आणि शिक्केवाल्याचं मनगट सोडलं.

"अगं, करतेस काय!"

"काल तुम्हाला आणलं ते दरवानाच्या सांगण्यावरून, दादा. आजही त्याचंच ऐकतेय."

मावशीने एकेक शिक्का पुसला. विष थांबलं. संध्याकाळी मुलीचा ताप उतरला. शिक्केवाला मात्र दोन दिवस सांधणीशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी जखमेच्या कडेने कोवळी कातडी धरू लागली. ठोठावणारी ती शेजारीणच जागा भरून काढत होती. शिक्केवाला बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग सांधणीपाशी आला.

"आणखी थोडा वेळ शिक्के मारले असते, तर ही उरली नसती," तो म्हणाला. "पुढच्या वेळी थांबायची वेळ झाली की मला सांग. मी स्वतःच मनगट सोडवून घेईन."

"सांगेन," सांधणी म्हणाली.

तात्पर्य: चौघांना जोडून कामाला लावणाऱ्याने ते काम कधी थांबवायचं हेही ठरवावं, आणि ते खऱ्या खबरीवरून ठरवावं, स्वतःच्या कौतुकावरून नव्हे.