कणीची उजव्या पंखाखालची जागा

एक होतं अंगण. अंगणात होत्या पाच कोंबड्या आणि एक पिल्लू.

पिल्लू अगदी चिमुकलं. तांदळाच्या कणीएवढं. म्हणून त्याचं नाव कणी. कणीची आई होती तांबडी. तांबडीच्या उजव्या पंखाखाली कणीची जागा. रोज तिथेच बसायचं, ऊबदार, गुपचूप.

एक दिवस कणीला जाग आली. पाहते तर काय, पंख नाही. आई नाही.

झालं होतं असं, की तांबडीच्या पायात काटा मोडला. पाय सुजला, लाल लाल झाला. घरातल्या सगुणाकाकीने काटा काढला, हळद लावली. आणि तांबडीला नेऊन ठेवलं घरामागे, एका बिनभोकाच्या टोपलीखाली. एकटीला. तांबडीने मान खाली घातली. दाण्याला चोच लावली नाही.

कणी निघाली. तुरु तुरु तुरु.

"काकी काकी, आईला अंगणात आण."

काकी म्हणाली, "कशी आणू? बाकीच्या चौघी दुखऱ्या पायावर चोच मारतील. लाल दिसलं की मारायची, ही त्यांची खोडच आहे. जुनं डालगं कुजलं. नवं मिळालं तर आणते."

डालगं म्हणजे कोंबडीवर पालथी घालायची, भोकाभोकांची टोपली. ती विणायचे लखू आजोबा. कणी निघाली. तुरु तुरु तुरु.

"आजोबा आजोबा, डालगं विणा.
आई एकटी, दाणा टिपेना.
काकी तिला अंगणात आणेना."

आजोबा म्हणाले, "विणतो की. पण बांबूने काठी दिली तर."

तुरु तुरु तुरु.

"बांबूदादा, काठी दे.
आई एकटी, दाणा टिपेना.
काकी तिला अंगणात आणेना.
आजोबा डालगं विणेनात."

बांबू कुरकुरला, करर करर. "शेळी माझे कोंब खाते. आधी तिला लांब कर, मग देतो."

तुरु तुरु तुरु.

"शेळीबाई, बांबूला सोड.
आई एकटी, दाणा टिपेना.
काकी तिला अंगणात आणेना.
आजोबा डालगं विणेनात.
बांबू काठी देईना."

शेळी खातच होती. कचर कचर. खाता खाता म्हणाली, "दुसरा पाला मिळाला तर सोडते."

तुरु तुरु तुरु.

"शेवगेदादा, पाला टाक.
आई एकटी, दाणा टिपेना.
काकी तिला अंगणात आणेना.
आजोबा डालगं विणेनात.
बांबू काठी देईना.
शेळी बांबूला सोडेना."

शेवगा म्हणाला, "वाऱ्याने हलवलं तर टाकतो."

वारा कुठे होता? कौलांवर आडवा पडला होता. महा आळशी. घोरत होता, घुर्र फू.

"वारेमामा, जागा हो.
आई एकटी, दाणा टिपेना.
काकी तिला अंगणात आणेना.
आजोबा डालगं विणेनात.
बांबू काठी देईना.
शेळी बांबूला सोडेना.
शेवगा पाला टाकेना."

वाऱ्याने एक डोळा उघडला. "कोंबड्यांनी पंख फडफडवले तर उठतो." डोळा मिटला.

कणीला हायसं वाटलं. कोंबड्या तर घरच्याच. तुरु तुरु तुरु, आली अंगणात.

"मावश्यांनो, पंख फडफडवा.
आई एकटी, दाणा टिपेना.
काकी तिला अंगणात आणेना.
आजोबा डालगं विणेनात.
बांबू काठी देईना.
शेळी बांबूला सोडेना.
शेवगा पाला टाकेना.
वारा जागा होईना."

चौघी माती उकरत होत्या. खर्र खर्र. एक म्हणाली, "कोण गं तुझी आई?"

"तांबडी."

"कोण तांबडी? आमच्यात नाही बाई कुणी तांबडी."

चौघी विसरल्या होत्या. सकाळपासून दिसली नाही, तर विसरल्या. कोंबड्या त्या, त्यांचं असंच असतं.

आता पुढे कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं. कणी मातीत बसली आणि रडली. पीक पीक, पीक पीक.

घरामागे टोपलीखाली तांबडीने ते ऐकलं. तिने मान वर केली. हळूच हाक दिली.

"कुक्-कुक्, कुक्-कुक्."

चौघींच्या माना ताठ झाल्या. ही हाक त्यांच्या ओळखीची. किडा सापडला की अशी हाक यायची. दाणा सापडला की अशी हाक यायची. कुणाची बरं?

"अगंबाई, आपली तांबडी," त्या म्हणाल्या.

आणि पंख फडफडवले. फडफड फडफड फडफड.

वाऱ्याच्या नाकात धूळ गेली. आक्छी! वारा जागा झाला.
वाऱ्याने शेवगा हलवला. सळसळ सळसळ.
शेवग्याने पाला टाकला. भुरभुर भुरभुर.
शेळीने बांबूला सोडलं. टपटप टपटप.
बांबूने काठी दिली. काड काड.
आजोबा डालगं विणायला बसले. सप सप सप.

विणता विणता थांबले. "भोकं केवढी ठेवू गं, कणी?"

कणी त्यांच्यापुढे उभी राहिली. "माझ्याएवढी."

आजोबांनी बोटांनी तिचं माप घेतलं. तेवढीच भोकं ठेवली.

काकीने तांबडीला अंगणात आणलं. मधोमध ठेवलं. वर डालगं घातलं. मग दाणे टाकले, थोडे आत, थोडे बाहेर.

चौघी आल्या. एकीने चोच आत घालून पाहिली. तांबडीचा पाय दूर होता, चोच काही पोचली नाही. मग मुकाट्याने दाणे टिपू लागली. टिप टिप टिप.

तांबडीने बाहेर पाहिलं. सगळ्या जेवत होत्या. तिनेही एक दाणा टिपला. टिप. मग दुसरा. टिप टिप टिप.

काकी म्हणाली, "जेवली गं बाई एकदाची."

आणि कणी? तुरु तुरु तुरु, भोकातून सुळ्ळकन आत.

रोज आत, रोज बाहेर. पाय बरा होत गेला. एक दिवस कणी आत जायला निघाली, तर भोकात अडकली. डोकं आत, शेपूट बाहेर. कणी मोठी झाली होती.

काकी हसली. तिला सोडवलं आणि डालगंच उचललं.

तांबडी बाहेर आली. किंचित लंगडत आली. कुणी चोच मारली नाही. चौघी सरकल्या, तिला मधे जागा दिली. तांबडी बसली. तिने उजवा पंख उचलला.

कणी आत शिरली. शेपूट बाहेरच राहिलं.

राहू दे. जागा तीच होती.