पेटीतला निळा सदरा

एका गावात एक शिंपी राहत होता, आणि त्या गावात सगळ्यांत वाईट कपडे कोणाचे असतील, तर ते त्या शिंप्याचेच.

तुम्हाला वाटेल, त्याला शिवता येत नसेल. छे! त्याच्या हाताला तोड नव्हती. खांदे पडलेला म्हातारासुद्धा त्याने शिवलेला अंगरखा घातला की ताठ दिसायचा. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना दोऱ्या टांगलेल्या असत. प्रत्येक माणसाची एक दोरी आणि त्या दोरीवर त्याच्या मापाच्या गाठी. छातीची गाठ, हाताची गाठ, उंचीची गाठ. पाटलांची दोरी दर वर्षी थोडी लांबायची आणि पाटील दर वर्षी म्हणायचे, "दोरी ताणली गेली असेल रे." शिंपी गाठ पुढे सरकवायचा.

त्या गावाची एक रीत होती. नवा कपडा शिवून झाला, तरी शिंपी त्यात एक पांढरा कच्चा धागा तसाच ठेवायचा. माणसाने कपडा अंगावर घालून दुकानासमोर यायचं, एक गिरकी घ्यायची, आणि मग शिंप्याने तो धागा ओढून काढायचा. धागा निघाला, की कपडा पुरा झाला. तोवर ते नुसतं शिवलेलं कापड. लहान पोरं तर धागा काढून घ्यायला रांग लावत आणि गिरक्या घेताना एकमेकांवर आपटत.

असा हा सगळ्यांना नटवणारा माणूस स्वतः मात्र एकच सदरा घालायचा. मूळचा तो कुठल्या रंगाचा होता, यावर गावात दोन मतं होती. आता तो राखेच्या रंगाचा होता. कोपरं विरलेली, कॉलर उसवलेली, पाच बटणं पाच जातींची. संध्याकाळी धुवायचा, दोरीवर टाकायचा, सकाळी तोच अंगात चढवायचा.

शेजारच्या कासारीण मावशी बांगड्यांची टोपली घेऊन दारावरून जाताना थांबायच्या. "अरे शिंप्या, शेतातलं बुजगावणंसुद्धा वर्षातून एकदा कपडे बदलतं. तू कधी बदलणार?"

"मला कोण बघतंय मावशी?" शिंपी हसून म्हणायचा. "आणि चांगला सदरा आहे की माझ्याकडे. पेटीत आहे. चांगला दिवस येऊ दे, घालीन."

ही गोष्ट खरी होती. त्याच्याकडे एक चांगला सदरा होता.

सहा वर्षांपूर्वी त्याची बायको आजारी पडली होती. तीही उत्तम शिवायची. अंथरुणात बसून, थोडं थोडं करत, तिने त्याच्यासाठी एक सदरा शिवला. रंग जवसाच्या फुलासारखा निळा. शिवून झाल्यावर घडी त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "घाला बघू. अंगावर कसा बसतोय ते बघते, आणि धागा मीच काढते."

तेव्हा लग्नसराई होती. शिंप्याच्या हातात चार घरचं काम होतं, अंगाला घाम होता. तो म्हणाला, "आत्ता कुठे? चांगला दिवस बघून घालीन."

चौथ्या दिवशी ती गेली.

शिंप्याने ती घडी न उलगडता पेटीत ठेवली आणि पेटीला कडी लावली. दुःखी माणसाला सकाळी उठून कपडे निवडणंही नकोसं होतं. जो हाताला लागेल तो सदरा तो घालतो. काही महिने तसं चालतं, आणि त्याबद्दल कोणी त्याला बोल लावू नये. पण शिंप्याच्या महिन्यांची वर्षं झाली. दिवाळ्या आल्या, भाच्याचं लग्न झालं, त्याच्या लहान पोरीचे कान टोचून झाले. प्रत्येक वेळी तो पेटीपर्यंत जायचा आणि म्हणायचा, "नको. याहून चांगला दिवस येईल." हळूहळू त्याने आपला बसायचा पाटही दारातून उचलून आत अंधाऱ्या कोपऱ्यात नेला. पारावर जाणं बंद केलं. राखाडी सदऱ्यात माणूस कमी कमी दिसायला लागतो. शिंप्याला तेच बरं वाटत होतं.

त्याची ही मुलगी आई गेली तेव्हा तीन वर्षांची होती, आता नऊ वर्षांची झाली होती. तिच्यावर मात्र शिंप्याचा फार जीव. संक्रांतीला त्याने तिच्यासाठी लाल खणाचं पोलकं आणि पिवळा परकर शिवला. परकराच्या काठाला त्याने बारीक पानं भरली. पोरगी बघतच राहिली. तिने पोलकं गालाला लावलं, वास घेतला. मग त्याची नीट घडी घातली आणि पेटी उघडून आत ठेवून दिली.

"अगं, घालून तर बघ. धागा काढायचाय ना?"

"आत्ता नको बाबा," ती म्हणाली.

शिंप्याला वाटलं, जत्रेसाठी राखून ठेवत असेल. मुलींना तशी हौस असते.

चैत्रात गावदेवीची जत्रा भरली. तीन दिवस जत्रा. पाळणे आले, रेवड्यांची दुकानं लागली, पिपाण्यांनी कान किटले. पहिल्या दिवशी मैत्रिणी बोलवायला आल्या तर पोरगी म्हणाली, "माझं डोकं दुखतंय." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला बाबांना मदत करायची आहे." शिंपी कोपऱ्यातून बघत होता. तिच्या अंगात तोच जुना विटका परकर होता, घोट्याच्या वर चार बोटं गेलेला. मैत्रिणी नव्या कपड्यांत सळसळत निघून गेल्या आणि ही दाराआड उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिंप्याने विचारलं, "बाळ, जत्रेला का जात नाहीस? नवा परकर घाल, जा की."

"नको बाबा. तो चांगल्या दिवशी घालायचा आहे."

"अगं, जत्रेहून चांगला दिवस कुठला?"

पोरगी म्हणाली, "तुमचा सदरा अजून पेटीतच आहे. आईने केलेला आहे, तरी तुम्ही घालत नाही. म्हणजे चांगला दिवस अजून आला नसेल. तो आला, की तुम्ही मला सांगा. आपण दोघं एकदम घालू."

शिंप्याने हातातली सुई खाली ठेवली.

"बाबा, चांगला दिवस ओळखायचा कसा?" तिने अगदी मनापासून विचारलं.

काय बोलावं हे सुचलं नाही की शिंपी काय करणार? हाताला लागेल ते काम. त्याने खिळ्यावरची तिची दोरी काढली, तिला उभं केलं आणि उंची मोजली. गाठ संक्रांतीची होती. पोरगी त्या गाठीच्या दोन बोटं पुढे गेली होती.

त्याने पुन्हा मोजलं. तीन महिन्यांत दोन बोटं. म्हणजे पुढल्या संक्रांतीला तो परकर तिला होणार नाही. पानं भरलेला, एकदाही न घातलेला परकर तिला कधीच होणार नाही. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, दर वर्षी गाठी सरकवल्या, आणि घरातली पोर वाढतेय हे आपल्या डोक्यात आलं नाही? तिला हे शिकवलं कोणी? आपणच. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तो उठला, पेटीची कडी काढली आणि वरचा परकर बाजूला ठेवून खालचा सदरा उचलला. सहा वर्षांनी घडी उलगडली. निळा रंग जसाच्या तसा होता. छातीवर पांढरा कच्चा धागाही तसाच होता.

"आजच घालू," तो म्हणाला.

त्याने राखाडी सदरा उतरवला आणि निळा अंगात घातला. हात गेले, खांदे बसले; पण पुढची बटणं काही केल्या लागेनात. श्वास रोखला, पोट आत घेतलं, तरी चार बोटं अंतर राहिलं. कोपऱ्यात बसून बसून शिंप्याची दोरीही पाटलांसारखीच लांबली होती. फक्त त्याची दोरी भिंतीवर नव्हती, म्हणून त्याला ते कळलं नव्हतं.

पोरीचा चेहरा उतरला. "मग परत ठेवायचा का?"

शिंप्याने सदरा काढून मांडीवर घेतला. सैल करायचा तर बाजूच्या शिवणी उसवायला हव्या होत्या. ते टाके त्याच्या बायकोचे होते. तिच्या हातचे शेवटचे. सहा वर्षं त्याने त्यांना बोटही लावलं नव्हतं, आणि आता त्यांवर कात्री चालवायची? त्याचा हात थांबला. पेटी उघडीच होती. सदरा परत ठेवून कडी लावायला काही वेळ लागला नसता.

त्याने पोरीकडे पाहिलं. ती जुन्या परकरात, उघड्या घोट्यांनी उभी होती.

शिंप्याने सदरा उलटा केला. शिवण कुठून उसवायची हे बघायला तो उजेडात धरला, आणि बघतच राहिला.

दोन्ही बाजूंच्या शिवणींच्या आत दोन दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं. त्याची बायको चिंधीसुद्धा वाया न घालवणारी. हे जास्तीचं कापड तिने मुद्दाम सोडलं होतं. नवरा वय वाढेल तसा अंगाने सुटणार, हे तिला ठाऊक होतं. आणि एवढंच नाही. आत डाव्या बाजूला खडू ठेवायचा छोटा खिसा होता. छातीवर सुया टोचायला मऊ पट्टी होती. कोपरांना आतून दुहेरी कापड लावलं होतं, पाटावर घासून विरू नये म्हणून.

सणाच्या सदऱ्याला खडूचा खिसा कोण लावतं?

शिंप्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पोरगी घाबरून जवळ आली. "काय झालं बाबा?"

"अगं, हा रोजचा आहे," तो म्हणाला. "हा कामाचा सदरा आहे. तिने मला रोज घालायला शिवला होता, आणि मी एकदा आत उलटून बघितलं नाही."

मग त्याने डोळे पुसले आणि कात्री घेतली. एकेक टाका हलकेच उसवला. दुमडलेलं कापड मोकळं केलं, नवी शिवण घातली. पोरीने इस्त्रीत निखारे भरले. सगळं होईपर्यंत ऊन कलून गेलं होतं. शिंप्याने आंघोळ केली, केस विंचरले, सदरा घातला. बटणं अलगद लागली. पोरीने लाल पोलकं आणि पिवळा परकर घातला.

"घ्या गिरकी," पोरगी म्हणाली. शिंप्याने गिरकी घेतली, जरा लाजतच. तिने छातीवरचा पांढरा धागा ओढून काढला आणि मुठीत घट्ट धरला. मग तिने गिरकी घेतली आणि तिचा धागा शिंप्याने काढला.

दोघं लगबगीने जत्रेला निघाले. पण पोहोचेपर्यंत जत्रा उठली होती. पाळणे खाली उतरवले होते, रेवडीवाले ताडपत्र्या गुंडाळत होते. माळावर नुसते कागद उडत होते. शिंप्याला फार वाईट वाटलं. "बाळ, माझ्यामुळे उशीर झाला गं."

पोरीने इकडे तिकडे बघितलं. एवढा मोठा माळ आणि कोणाचा धक्का नाही. तिने दोन्ही हात पसरले आणि गिरक्या घेत सुटली. पिवळा परकर भोवती फुलला. शेवटी चक्कर येऊन ती धुळीत बसली आणि खो खो हसायला लागली. परकराला माती लागली. शिंप्याने ती झटकलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याचा हात सवयीने खुंटीवरच्या राखाडी सदऱ्याकडे गेला. सवय अशी एका दिवसात जात नसते. पण त्याने तो सदरा उचलला, फाडला आणि त्याची इस्त्री धरायची फडकी केली. मग निळा सदरा घातला, खिशात खडू टाकला, पाट उचलून दारातल्या उजेडात मांडला आणि कामाला बसला. आत पोरगी लाल पोलकं घालून भाकऱ्यांना पीठ मळत होती. पोलक्यावर पीठ उडत होतं.

कासारीण मावशी टोपली घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अगबाई! शिंप्या, तूच ना? आज काय आहे रे? पाहुणे यायचेत? पोरीचं काही ठरलं की काय? का कुठला सण मी विसरले?"

शिंप्याने सुईत दोरा ओवला आणि मान वर करून हसला.

"काही नाही मावशी," तो म्हणाला. "बुधवार आहे."

तात्पर्य: पेटीतला कपडा वाट बघत थांबतो, पण माणसाचं वय थांबत नाही. म्हणून जवळचा चांगला कपडा आजच घालावा. त्यासाठी आजचा साधा दिवस पुरेसा चांगला आहे.