देव बैठकीला येतो का?

जालन्याजवळच्या एका ख्रिस्ती वस्तीत यिर्मयाराव हे चर्चच्या मंडळीचे मुख्य पंच होते. त्यांच्या पुतण्याने विधवा हन्नाबाईंच्या बांधावरचा दगड सरकवून चार हात जमीन गिळली. हन्नाबाई पंचांपुढे उभ्या राहिल्या.

"दगड हलवताना कोणी पाहिलं?" यिर्मयारावांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं.

"देवानं पाहिलं."

यिर्मयाराव मोठ्याने हसले. "अहो बाई, देव काय या बैठकीला येणार आहे?"

"येणार नसेल, तर मघाशी डोळे मिटून, प्रार्थना करून तुम्ही इथं बोलावलं कुणाला?"

यिर्मयारावांनी मान खाली घातली. मग ते उठले आणि पुतण्याला म्हणाले, "चल, दगड उचल."