तेलिणीच्या पाटल्या

फार पूर्वी, इतक्या पूर्वी की तेव्हाच्या बैलांनाही दोन शब्द बोलायला सवड असे, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात देऊळ होतं आणि देवळापुढे उंच दगडी दीपमाळ होती. तिच्यावर एकशे आठ पणत्या बसत.

त्या गावाची एक रीत होती. कार्तिकातल्या पौर्णिमेला दीपमाळ उजळायची, आणि गावात सून म्हणून येऊन जिच्या पंचेचाळीस दिवाळ्या झाल्या तिनं पहिली पणती लावायची. हा मान आयुष्यात एकदाच मिळे. त्या दिवशी तिनं लग्नातल्या पाटल्या हातात घालून यायचं. इतक्या वर्षांनी पाटल्या चढत नसतील तर ताटात ठेवून आणायच्या, त्यालाही कुणी नाव ठेवत नसे. निम्म्याशिम्म्या बायका ताटातच आणत. हे नीट लक्षात ठेवा, कारण आपल्या गोष्टीतल्या बाईनं नेमकं हेच लक्षात ठेवलं नाही.

त्या वर्षी मान दोघींचा होता, एका तेलिणीचा आणि एका कोष्टिणीचा. दोघी एकाच दिवशी नव्या नवऱ्या होऊन गावात आल्या होत्या. वेशीपाशी दोघींच्या गाड्या पुढेमागे उभ्या राहिल्या, दोघी रडत होत्या, आणि एकमेकींना रडताना बघून दोघींना हसू आलं. तेव्हापासून त्या गडणी झाल्या, जिवाभावाच्या मैत्रिणी. दोघींच्या चांदीच्या पाटल्याही एकाच सोनारानं केलेल्या, एकाच मापाच्या.

पंचेचाळीस वर्षांत कोष्टीण वेताच्या काठीसारखी राहिली. तेलीण मात्र अंगानं चांगली भरली. त्यालाही कारण होतं, आणि ते कळायला तिचा घाणा समजून घ्यायला हवा.

लाकडाच्या मोठ्या उखळात तीळ घालतात. त्यात एक लाट, म्हणजे जाडजूड लाकडी दांडा, उभी असते. डोळ्यांवर झापडं बांधलेला बैल गोल फिरतो आणि लाट फिरवतो. लाटेवर दाब यावा म्हणून बैलाच्या मागे जोडलेल्या फळीवर कुणीतरी बसावं लागतं. तेलीण नवी नवरी होती तेव्हा इतकी हडकुळी, की सासऱ्यानं तिच्या शेजारी फळीवर पाच दगड ठेवले होते. पुढे बाळंतपणं झाली, घरात सुबत्ता आली, तिचं अंग भरत गेलं आणि एकेक दगड खाली उतरला. शेवटचा उतरला त्या दिवशी सासऱ्यानं गावात गूळ वाटला होता.

कारण दगड मुका. ठेवला तिथे बसून राहतो. तेलीण मात्र तीळ कुठे कडक झालेत ते ओळखून तिथे अंग टाकी, आणि बैलाला जड जाऊ नये म्हणून वळणावर अंग सैल सोडी. तिच्या तेलाच्या तळाशी गाळ म्हणून नसे. दीपमाळेला सालोसाल तेल जाई ते तिच्याच घाण्याचं. स्वतःच्या अंगाची तिला कधी लाज वाटली नव्हती, कारण त्याचा विचार करायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

ते तिचं तीच शिकली. भाद्रपदात एक दिवस कोष्टीण नेहमीसारखी दुपारची भाकरी घेऊन घाण्यापाशी आली. दोघी रोज तिथेच जेवत. जेवण झाल्यावर दोघींनी आपापल्या पाटल्या घालून पाहायचं ठरवलं. कोष्टिणीनं पाठ वळवली, क्षणभरात पुन्हा इकडे तोंड केलं, तर पाटल्या हातात. तेलिणीनं आपल्या घालायला घेतल्या, त्या बोटांच्या पेरांपाशीच अडल्या. तेल लावलं, तरी अडल्या. हात लाल झाला.

"राहू दे गं," कोष्टीण म्हणाली. "तू ताटात ठेव, मी घालीन. मान तर दोघींचाच आहे."

ती हे मायेनं म्हणाली होती. पण तेलिणीला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की मी घालीन आणि तू ताटात ठेव.

त्या दिवसापासून तिच्या पोटात दुखायला लागलं. हेव्याचं दुखणं मोठं विचित्र. दुखतं आपल्याला, आणि डोळे सारखे दुसऱ्याकडे. इतकी वर्षं जी गडण नुसती गडण होती, तिची आता कंबर दिसायला लागली. ती पायऱ्या कशी भरभर चढते, लुगड्याच्या निऱ्या कशा चापूनचोपून बसतात, पाणवठ्यावर बायका तिला 'अजून पोरसवदा दिसतेस' कसं म्हणतात, सगळं तेलिणीच्या डोळ्यांत खुपू लागलं. पाठ वळवून पाटल्या घातल्या, तोही नखरा, असं तिनं ठरवून टाकलं. एकदा तिचा नवरा, तेली, सहज म्हणाला, की कोष्टीण बारीक झाली बघ. त्यानं ते काळजीनं म्हटलं होतं. तेलिणीनं त्या रात्री त्याच्या आमटीत मीठच घातलं नाही.

मग तिनं खाणं सोडलं. सकाळची भाकरी आधी गेली, मग दुपारची, मग रात्रीचा भात. उरलं ताक आणि कुळथाचं पाणी. खरं कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून तिनं गावात सांगितलं की दीपमाळेसाठी व्रत धरलंय. लोक तिच्या पाया पडू लागले. देवळाचे पुजारी म्हणाले, असं व्रत गावात कुणी केलं नव्हतं. हेव्याला देवाचं नाव दिलं की असे नमस्कार मिळतात. तेलिणीला थोडी लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं.

पंधरा दिवसांत घाण्याची लाट हलकी फिरू लागली. तेल्यानं अंगणातला एक दगड धुऊन फळीवर ठेवला. महिन्याभरानं दुसरा, मग तिसरा. प्रत्येक दगड चढताना तेल्याच्या कपाळावर आठी पडायची आणि तेलिणीला मनातून आनंद व्हायचा. आपण किती उतरलो ते मोजायला तिच्याकडे हेच माप होतं. चौथा दगड ठेवताना तेली म्हणाला, "पाचवा चढला की तुला माहेरी पोचवून पुन्हा वरात काढायची का?" ती हसली नाही. फळीवर चढताना तिला चक्कर यायची, रात्री पायांत गोळे यायचे, आणि तापल्या तव्याचा वास आला की डोळ्यांत पाणी यायचं. पण पाटल्या आता पेरांच्या पलीकडे जात होत्या.

कोष्टीण रोज दुपारी येतच होती. पण तेलीण जेवत नाही म्हटल्यावर तिचीही भाकरी फडक्यात तशीच राहायची. घाण्यापाशी थोडा वेळ बसायची आणि फडकं घेऊन परत जायची. दिवसेंदिवस तिचे गाल आत जात होते. हे बघून तिला जवळ बसवून विचारायला हवं होतं, नाही का? तेलिणीनं काय केलं, तर तिनं दात आवळले. तिला वाटलं, ही माझ्याशी चढाओढ करतेय. मी बारीक झाले तर हिला आणखी बारीक व्हायचंय, मला हिनं पुढे जाऊच द्यायचं नाही असं ठरवलंय. तिनं कुळथाचं पाणीही निम्मं केलं.

पौर्णिमेला आठ दिवस राहिले. नवे तीळ आले. दीपमाळेचं तेल काढायला तेलीण फळीवर बसली. चार फेरे झाले आणि बैल थांबला.

"फळीवर आज कोण बसलंय?" त्यानं विचारलं. "आमची बाई कुठे गेली?"

"मीच आहे रे," तेलीण म्हणाली.

"नाही," बैल म्हणाला. "आमची बाई वळणावर अंग सैल सोडायची. तू वळणावर मला धरून बसतेस."

तेलिणीनं त्याच्यावर हात उगारला, पण मारला नाही. बैलाला दिसत नव्हतं, त्याला फक्त वजन कळत होतं, आणि खोटं बोलण्यात त्याचा काही फायदा नव्हता. तो पुन्हा चालू लागला. सातव्या फेऱ्याला तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खाली पडली. दगड घरंगळले, लाट जागची उडाली, तीळ अर्धे चेचलेले आणि अर्धे कोरडे राहिले. तेल्यानं पाचही दगड फळीवर रचून कसंबसं तेल काढलं. तेल आलं, पण गढूळ, आणि तेही जेमतेम. निवळायला पंधरा दिवस हवे होते, हातात आठ होते.

तेली म्हणाला, पुजाऱ्यांना सांगू या, शेजारच्या गावातून तेल मागवतील. तेलिणीनं ऐकलं नाही. सांगितलं तर का बिघडलं हेही सांगावं लागलं असतं, आणि व्रताचं बिंग फुटलं असतं.

पौर्णिमेचा दिवस मावळला. सारं गाव देवळापुढे जमलं. तेलिणीच्या हातांत पाटल्या होत्या. सुरकुतलेल्या मनगटांवर त्या सहज फिरत होत्या. चौथऱ्याच्या पायऱ्या चढताना तिनं आधी कुणाकडे बघितलं असेल, तर कोष्टिणीच्या हातांकडे. तिच्याही हातांत पाटल्या होत्या. बरोबरी झाली, तेलिणीच्या मनात आलं, आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या जिवाला गार वाटलं.

पुजाऱ्यांनी पेटता काकडा दोघींच्या हातांत दिला. दोघी एकदम पणतीवर वाकल्या. कोष्टिणीचा हात खाली झाला आणि तिची पाटली मनगटावरून निसटली, मग दुसरी निसटली. एक दगडी पायऱ्यांवरून खणखणत खाली गेली. 

दुसरी तेलिणीच्या पायापाशी अडली होती. तिनं ती उचलली. तळहाताच्या बाजूला, जिथे कुणाला दिसत नाही, तिथे पांढरा दोरा गुंडाळलेला होता. थरावर थर, करंगळीएवढा जाड.

"हे काय गं?" तिनं हळूच विचारलं.

"दोरा," कोष्टीण म्हणाली. "कोष्ट्याच्या घरात त्याला काय तोटा. तीन वर्षांपूर्वीच्या तापानं माझी भूक नेली, ती परत आलीच नाही. पाटल्या गळायला लागल्या तसा दोरा गुंडाळत गेले. गावानं कीव करू नये म्हणून पाठ वळवून घालायची. तुझ्यासमोर बसलं, तुला चवीनं खाताना बघितलं, की माझे दोन घास जायचे. तेवढ्यावर चाललं होतं. मग तू व्रत धरलंस. देवाचं काम, तुला जेव असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?" पुढे ती म्हणाली, "खरं सांगते, तीन वर्षं मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या भुकेचा, तुझ्या या अंगाचा. आणि तू ते टाकून दिलंस."

तेलिणीला आता उमगलं. जिच्यावर मात करायला ती उपाशी राहिली, तिचा घास तिनंच तोडला होता.

पहिली पणती लागली होती आणि पुजारी तिच्यावरून बाकीच्या लावत होते, एवढ्यात पणत्या तडतडू लागल्या. घाण्यात तिळांवर शिंपडलेलं पाणी गढुळ तेलात तसंच राहिलं होतं. खालच्या ओळी लागल्या, वरच्या लागेचनात, आणि मग लागलेल्याही एकामागून एक विझल्या. चंद्र नीट वर यायच्या आत दीपमाळ काळी झाली. गावाच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं.  लोक मुलांना घेऊन मुकाट्यानं घरी गेले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

तेलीण पुजाऱ्यांपुढे उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. व्रत नव्हतं, हेवा होता, हेही सांगितलं. मान आयुष्यात एकदाच मिळतो, तो दोघींचाही गेला होता. पुजाऱ्यांनी रीत बदलली नाही, आणि तिनंही बदला असं म्हटलं नाही.

मग ती चौथऱ्यावर बसली. तेल्याकडून शिदोरी मागून घेतली, कोष्टिणीला शेजारी बसवलं, आणि भाकरी मोडून पहिला घास स्वतः खाल्ला. इतक्या दिवसांनी खाताना तिला रडू येत होतं. कोष्टीण तिच्याकडे बघत राहिली. मग तिनंही हात पुढे केला.

पुढच्या वर्षीच्या कार्तिकी पौर्णिमेपर्यंत घाण्यावरचे तीन दगड उतरले. चौथा उतरायला आणखी दीड वर्ष गेलं, आणि पाचवा कायमचा राहिला, कारण म्हातारपणी झिजलेलं सगळंच काही भरून येत नाही. कोष्टिणीची भूकही पुरती परतली नाही, पण दोन घासांचे पाच झाले. तेल पुन्हा नितळ झालं. दीपमाळ पुन्हा वरपर्यंत उजळली, पहिली पणती मात्र दुसरीच कुणी लावत होती, आणि या दोघी गर्दीत उभ्या राहून बघत होत्या.

तेलिणीच्या पाटल्या पुन्हा पेरांपाशी अडू लागल्या. तिनं त्या एकदाही ओढून पाहिल्या नाहीत. बैलाच्या गळ्यातल्या दोरीत तिनं त्या ओवल्या. घाणा फिरू लागला की त्या वाजत, आणि तो आवाज ऐकून कोष्टीण आपली भाकरी घेऊन निघे. वळणावर तेलीण अंग सैल सोडी, आणि बैल न थांबता पुढे जाई.

मुलांनो आणि मुलांच्या आजी-आजोबांनो, हेव्याला दुसऱ्याच्या हातातली पाटली दिसते, तिच्या आतला दोरा दिसत नाही, म्हणून दुसऱ्याच्या मापानं आपलं अंग कधी मोजू नये.